तीन याद्यांतले चार दिवस

जूनमध्ये शाळा उघडली की आम्ही बाकीचे शिक्षक किती पोरं परत आली ते बघायचो आणि आमचे हे सर दिवाळीची सुट्टी कधी लागते ते बघायचे. पोरांच्या पत्र्याच्या पेट्या अजून व्हरांड्यात पडलेल्या असायच्या, कोंदट खोल्यांची दारं नुकती उघडलेली असायची, आणि सर ऑफिसच्या उंबऱ्यावर उभे राहून मुख्याध्यापकांना विचारायचे, "यादी आली का हो?"

यादी म्हणजे वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी. ती आदिवासी प्रकल्प कार्यालयातून यायची. आली की सर ती आधी उभ्यानं वाचायचे, मग बसून वाचायचे, मग चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. त्यानंतर तिची नक्कल करून घ्यायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

मी तेव्हा नवी होते. घर जव्हारला, नोकरी मोखाड्याच्या वरच्या अंगाला एका आश्रमशाळेत. नव्वदचं दशक संपत आलं होतं, गावात एक टेलिफोन होता आणि तो बहुतेक दिवस मुका असायचा. सरांना पहिल्यांदा बघून मी मनात म्हटलं, झालं, कामचोर माणूस शेजारच्या वर्गाला मिळाला. पहिल्या दिवशी ज्याला शेवटचा दिवस दिसतो, तो मधले दिवस काय शिकवणार! पण सहा महिने गेले, वर्ष गेलं, आणि या माणसानं एक किरकोळ रजा टाकली नाही. ताप आला तरी वर्गावर. वसतिगृहाच्या अधीक्षकाची जागा रिकामी होती, तिचा कार्यभारही यांच्याकडेच. पोरांना खरूज झाली तर मलम लावायला हेच, भांडणं सोडवायला हेच. सुट्टीसाठी इतका झुरणारा आणि सुट्टी इतकी न घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याचं कारण मला हळूहळू कळलं. सर मूळचे सिन्नरकडचे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिकडे जामखेडला. एकुलती मुलगी परीक्षा देऊन नाशिकजवळच्या एका निवासी शाळेत लागलेली. म्हणजे तीन माणसं तीन गावी, आणि तिघांच्या सुट्ट्यांच्या याद्या तीन. आमच्या खात्याची वेगळी, जिल्हा परिषदेची वेगळी, मुलीच्या शाळेची तर पार निराळी. तिची सुट्टी दसऱ्याला सुरू व्हायची आणि इतरांच्या घरी आकाशकंदील लागतात तोवर संपत यायची. पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज सरांनी नऊ वर्षं लावून धरला होता. दर वेळी उत्तर एकच, आपण आदिवासी विकास खात्यात, आपल्या पत्नी जिल्हा परिषदेत. "दोन खाती, दोन कपाटं," सर म्हणायचे. "माझा कागद त्या कपाटात जात नाही आणि तिचा या कपाटात येत नाही."

सिन्नरला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. ते वर्षभर कुलपात. तिन्ही याद्या जिथं एकमेकींवर पडतात तेवढेच दिवस ते उघडायचं.

हे दिवस शोधण्यासाठी त्यांनी वहीच्या पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापल्या होत्या. एकेका पट्टीवर एकेकाच्या तारखा, सुट्टीचा दिवस रंगवलेला. आमची हिरवी, जामखेडची निळी, मुलीची तांबडी. संध्याकाळी पोरं जेवायला बसली की सर व्हरांड्यात त्या पट्ट्या एकाखाली एक धरून बसायचे. जणू बघता बघता एखादा दिवस सरकून जुळेल. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "सर, जोतिषी पण दोनच पत्रिका जुळवतो, तुम्ही तीन जुळवताय." ते हसले नाहीत. म्हणाले, "पत्रिकेत छत्तीस गुण असतात हो बाई. इथं चार जुळले तरी पेढे वाटीन."

त्यांची काही ठाम मतं होती. मे महिन्यावर विश्वास ठेवू नये, हे पहिलं. कागदावर मे महिना तिघांचाही मोकळा. पण मे आला की कुणाचं प्रशिक्षण निघायचं, कुणाला मतदारयाद्यांचं काम लागायचं, आणि एका वर्षी तर बायकोला टंचाईच्या कामाला जुंपलं होतं. दुसरं मत, छापलेली तारीख म्हणजे मिळालेली तारीख नव्हे. ईदेच्या पुढे कंसात 'चंद्रदर्शनानुसार' लिहिलेलं असलं की ते पट्टीवर त्या दिवसाला रंगच द्यायचे नाहीत. जुलैमध्ये पावसानं शाळा दोन दिवस बंद राहिली की पोरं नाचायची आणि सर कपाळाला हात लावायचे. "नाचू नका रे. हे दिवस दिवाळीतून कापणार आहेत."

तिसरा तर नियमच होता. एकानं हलायचं, दुसऱ्यानं थांबायचं. त्यामागे एक गोष्ट होती आणि ती सांगताना ते आजच घडल्यासारखे कासावीस व्हायचे. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. पंधरा ऑगस्टला जोडून रविवार आला. यांनी ठरवलं, न कळवता जामखेडला जाऊन थडकायचं. नेमकं बायकोनं ठरवलं, न कळवता मोखाड्याला जाऊन थडकायचं. तोरंगणच्या घाटात यांची एसटी चढत होती आणि तिची उतरत होती. वळणावर दोन्ही गाड्या एकमेकींना जागा द्यायला थांबल्या, आणि समोरच्या खिडकीत बायको बसलेली यांनी पाहिली. तिनं पाहिलं नाही. यांनी हाक मारेपर्यंत गाडी सुटली. हे त्र्यंबकला उतरून परत खाली आले तोवर ती कुलूप बघून वर निघून गेली होती. दोन दिवस दोघं एकमेकांच्या मागे घाट चढत-उतरत राहिले आणि शाळा उघडली. आम्ही ऐकताना पोट धरून हसलो. सर म्हणाले, "हसा. पण तेव्हापासून एकानं हलायचं, दुसऱ्यानं थांबायचं."

त्यांनी एकदा मायलेकींना इकडे आणलंही होतं, मे महिन्यात. मे महिना फसला नाही असं ते एकच वर्ष. मी जव्हारची म्हणून मला सोबत घेतलं. सकाळी सात वाजता शिरपामाळचं शिवकालीन ठिकाण, वीस मिनिटं. "महाराज इथं थांबले होते, आपणही थांबू," असं म्हणून ते घड्याळाकडे बघत थांबले. मग जीपनं दाभोसा. धबधबा बघायचा म्हणून मुलीनं नवा फ्रॉक घातला होता. वरून खाली एक बारीक धार पडत होती.

"बाबा, धबधबा कुठंय?" ती म्हणाली.

"हाच."

"हा?"

"पावसाळ्यात मोठा असतो. पावसाळ्यात तुझी शाळा असते."

मुलगी त्या धारेकडे बघत राहिली, आणि सरांचं तोंड असं झालं की जणू पाणी त्यांनीच वाटेत सांडलं. त्यांची बायको शांत बाई. ती म्हणाली, "असू द्या हो, खाली डोहात पाय बुडवू." पण पाय बुडवणं सरांनी आखलेल्या कागदावर नव्हतं आणि परतीची जीप होती. मी मध्ये तोंड घातलं, जीपवाल्याला मी सांगते, बुडवू द्या पाय. तेव्हा कुठं दहा मिनिटं मंजूर झाली. त्या दहा मिनिटांत सर काठावर उभे होते, पण चेहऱ्यावर पहिल्यांदाच घड्याळ नव्हतं.

कागद असायचाच. जुळलेल्या दिवसांचा ते तासांत आराखडा करायचे. मी एकदा वाचला. पहिला दिवस, सकाळी घर झाडणे, जाळी काढणे. दुपारी चकल्या, तिघांनी मिळून. तीन ते पाच गप्पा, आणि पुढे कंसात विषय लिहिलेले होते. मुलीच्या मैत्रिणी, मेसचं जेवण, गणित टाळणे. त्याखाली, 'भांडण असल्यास पहिल्याच दिवशी, अर्धा तास.' मला हसू आवरेना. सर म्हणाले, "हसण्यासारखं काय आहे? भांडण शेवटच्या दिवसावर गेलं तर पुढचे सहा महिने ते तसंच राहतं. मागं एकदा राहिलं होतं." मग माझं हसू जिरलं.

माझं तिसरं वर्ष सुरू झालं त्या जुलैमध्ये सर तीन पट्ट्या हातात घेऊन माझ्या वर्गाच्या दारात आले. पोरं पाढे म्हणत होती.

"बाई, चार दिवस जुळतात."

"कधी?"

"दिवाळीत. आपली सुट्टी शनिवारी लागते. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, तिघंही मोकळे. गुरुवारी संध्याकाळी सहाला मुलीला परत हजर व्हायचंय. गेली दोन वर्षं एकच दिवस जुळत होता."

मग ते खऱ्या कामावर आले. सुट्टी लागली म्हणून आश्रमशाळेचा शिक्षक पिशवी उचलून चालू लागत नाही. एकेक पोर आईबापाच्या ताब्यात द्यायचं, रजिस्टरवर त्यांचा अंगठा घ्यायचा, आणि शेवटचं पोर जाईपर्यंत कुणीतरी शिक्षक थांबायचा. मुख्याध्यापकांची आई आजारी, ते आधीच जाणार होते. बाकीचे घाटावरचे, त्यांनी आपापल्या गाड्या ठरवलेल्या. अधीक्षक म्हणून सरांनाच थांबावं लागलं असतं. "तुमचं घर जवळ. तुम्ही थांबाल का? शनिवारपासून? कुणी एखादं पोर राहिलं तर."

"त्यात काय सर, थांबते की."

"नक्की?"

"नक्की."

मी आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती, ती सांगितली नाही. सर घाटावरचे, त्यांना वाटायचं शनिवारी सुट्टी म्हटलं की आईबाप शनिवारी येतील. त्यांनी सगळ्या पाड्यांवर चिठ्ठ्या पाठवल्या, त्यात तारीख, वार, वेळ. पण आमच्याकडे माणसं तारखेवर चालत नाहीत, बाजारावर चालतात. आमचा बाजार गुरुवारचा. त्या दिवशी जीपा वर येतात, त्याच दिवशी तेल-मीठ, त्याच दिवशी डॉक्टर, आणि पोरं न्यायची तीही त्याच दिवशी. नागली-वरई कापणीला आली असताना शनिवारचं काम टाकून कोण चालत येणार? जुने मुख्याध्यापक हे जाणून होते, ते कुणाला कारण न सांगता सुट्टी नेहमी बाजाराला धरून सोडायचे. या वेळी सरांनी नव्या मुख्याध्यापकांना यादीप्रमाणे शनिवार धरायला लावला होता. मला ठाऊक होतं की बरीचशी पोरं गुरुवारपर्यंत राहणार. पण मी म्हटलं, थांबणार तर मीच आहे, मग उगीच कशाला त्यांच्या जिवाला घोर लावायचा?

ऑक्टोबरमध्ये सर दिवसातून एकदा विचारायचे, "बाई, तब्येत बरी आहे ना?" मी शिंकले तर आल्याचा चहा यायचा. मला गंमत वाटायची आणि थोडी भीतीही. इतकं कुणाचं आपल्यावर अवलंबून असू नये.

शुक्रवारी दुपारी माझा भाऊ मोटारसायकल घेऊन शाळेत आला. आत्यानं स्थळ आणलं होतं. मंडळी रविवारी बघायला येणार होती. मी सव्वीस वर्षांची होते, याआधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं, आणि आईनं त्या काळजीनं जेवण सोडलं होतं. "तू आली नाहीस तर ती अंथरूण धरेल," भाऊ म्हणाला. तो रात्री गावात मुक्कामाला थांबला.

शनिवारी सकाळी मी सरांच्या खोलीकडे गेले. सर तयार होते. दाढी केलेली, शर्टाला तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेली, पिशवी दाराशी. व्हरांड्यात सतरा पोरं पेट्यांवर बसून होती. त्यांचं कुणी आलं नव्हतं.

"सर, मला जावं लागतंय," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले.

"सोमवारी परत याल?"

"बघते सर. नक्की नाही सांगता येत."

"मंगळवारी? मंगळवारी सकाळी आलात तरी मला बुधवार मिळतो."

मी व्हरांड्यातल्या पोरांकडे पाहिलं.

"बुधवारी सकाळी? अर्धा दिवस तरी."

"सर, घरचे सोडतील की नाही..."

"हो हो. बरोबर आहे." त्यांनी पिशवी उचलून आत ठेवली. "बघण्याचा कार्यक्रम आहे म्हणजे जायलाच पाहिजे. आज येतील हो सगळ्यांचे आईबाप. दुपारपर्यंत येतील. मी दुपारची गाडी पकडतो."

तेव्हाही मी बाजाराचं बोलले नाही. बोलले असते तर मला जाता आलं नसतं. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. मी भावाच्या मागे बसले आणि गेले.

पुढचे पाच दिवस शाळेत काय झालं ते मला आमच्या स्वयंपाकीण मावशीनं नंतर सांगितलं. शनिवारी कुणी आलं नाही. रविवारी सकाळी सर वळणावर जाऊन उभे राहिले. मावशी त्यांना म्हणाली, "गुरुजी, कोन येल आज? बाजाराला येतील ना सगली." तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी नुसतं "गुरुवारी?" असं विचारलं, आणि मावशी म्हणते, माणूस एकदम खालीच बसला.

पण बसून राहिले नाहीत. त्यांनी पोरांना पेट्या तिथंच ठेवायला लावल्या आणि सगळ्यांना घेऊन पाड्यापाड्यानं पायी निघाले, ज्याचं घर लागेल त्याला तिथं सोडायचं म्हणून. दोन दिवस अशी वणवण केली. बहुतेक घरांना कडी. माणसं डोंगराच्या उतारावर कापणीला, काही तर गवत कापायला वसईकडे गेलेली, तीही बाजारालाच परतणार. एका घरी म्हातारी होती. रजिस्टरवर नाव तिच्या मुलाचं. ती म्हणाली, "दे ना मना, मी आजी हाय त्याची." सर म्हणाले, "आजी, नियमात बसत नाही." मग थोडं पुढं गेले आणि परत फिरले, तिचा अंगठा घेतला आणि पोराला तिच्या ओटीवर बसवलं. त्यांच्या साऱ्या नोकरीत त्यांनी मोडलेला तो पहिला नियम. म्हातारीनं विचारलं, "तू का पलतोस रे गुरुजी येवढा?" त्यांनी काय उत्तर दिलं ते मावशीला माहीत नाही. अशी चार पोरं सुटली. तेरा परत आली.

सोमवारी त्यांनी नाशिकच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी दिली, पोरं घरी गेली की निघतो, नाहीच जमलं तर गुरुवारी नाशिकच्या स्टँडवर भेटू म्हणून. चिठ्ठी सिन्नरला पोचलीही. बायकोला वाटलं होतं, मुलीला घेऊन सरळ खाली मोखाड्याला यावं. पण नियम होता. आपण उतरलो आणि हे चढले तर? मायलेकी घर झाडून, जाळी काढून, थांबून राहिल्या.

आणि मी? मी जव्हारला साडीच्या निऱ्या घालत होते. रविवारी मंडळी आली नाहीत. निरोप आला, सोमवारी येतो. सोमवारी आई दारात उभी राहून थकली, निरोप आला, मंगळवारी. पोहे भिजवलेले, साखर मोजलेली, मी खिडकीशी. प्रत्येक मोटारीचा आवाज आला की आई पदर सावरत दारात आणि माझ्या डोळ्यांसमोर व्हरांड्यात पेट्यांवर बसलेली ती पोरं. मंगळवारी संध्याकाळी आत्याच रडत आली. मुलाकडच्यांनी शनिवारीच दुसरीकडे साखरपुडा ठरवला होता. आमच्याकडे ते येणारच नव्हते, आत्याला तसं सांगायचा त्यांना धीर होत नव्हता एवढंच.

बुधवारी पहाटे भाऊ म्हणाला, "सोडू का तुला शाळेवर?" पोचले असते. सरांना पूर्ण नाही तरी अर्धा दिवस मिळाला असता. पण मी रात्रभर रडले होते, माझं तोंड सुजलं होतं, आणि त्या तोंडानं सरांसमोर जाऊन काय सांगायचं, की तुमचे तीन दिवस मी खिडकीत बसून घालवले? मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. दुसऱ्यांदा मी त्यांचा दिवस घेतला तो असा. याची लाज मला अजून वाटते.

गुरुवारी बाजार भरला आणि अकराच्या आत सगळे आले, हसत, खांद्यावर पिशव्या, पोरांसाठी शेव-बुंदी. पटापट अंगठे झाले. एक बाप सरांना म्हणाला, "गुरुजी, तू आजून गेला नाय? तुला सुटी ना?" सरांनी रजिस्टर मिटलं आणि धावत जीप गाठली.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मी मुद्दाम लवकर पोचले. सर वर्गातल्या फळ्यावर तारीख लिहीत होते. मी दारातच हात जोडले.

"सर, माझ्यामुळे तुमची सुट्टी गेली."

त्यांनी खडू खाली ठेवला. "गेली," ते म्हणाले. नाही नाही, तसं काही नाही, असं खोटं ते बोलले नाहीत. "गेली हो बाई. नाशिकच्या स्टँडवर साडेचारला भेटलो आम्ही. तिथून मुलीच्या शाळेपर्यंत पाऊण तास. तिघं एका सीटवर बसलो. विषय खूप होते, पण ती माझ्या खांद्यावर झोपली. चार दिवस वाट बघून दमली होती. मग मी काही उठवलं नाही."

सरांनी हात झटकले, माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि एकदम त्यांच्या चेहऱ्यावर ती नेहमीची काळजी आली.

"ते जाऊ द्या. तुमचं काय झालं? मंडळी आली होती ना?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. त्यांच्या शर्टाची इस्त्री मला दिसली, तीच, तांब्याची, नीट न बसलेली. आणि मी म्हणाले, "आली होती, सर."

"पसंत?"

"हो."

"अरे वा!" मग आवाज खाली आला. "नोकरी कुठल्या खात्यात आहे? बाई, हे आधी बघा हो. बाकी रंग, उंची, शेतीवाडी सगळं नंतर. त्याची यादी मागवून घ्या. पाटबंधारे आहे का? महसूल? महसूलवाल्याला मे महिना नसतोच."

"आपल्याच खात्यात आहे," मी म्हणाले. "आश्रमशाळेवर शिक्षक. जवळच."

सर थांबले. "म्हणजे यादी?"

"हीच. आपलीच."

"एकच यादी?"

"एकच."

"म्हणजे सगळे दिवस?" ते म्हणाले. "सगळेच्या सगळे?"

"सगळे, सर."

ते हसले. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "मग माझे चार दिवस कारणी लागले की हो," ते म्हणाले, आणि घंटा झाली म्हणून पोरांना रांगेत उभं करायला बाहेर गेले.